बीजगणिताची वही : खाडाखोड चालेल, उतरवलेलं चालणार नाही

खडूची_भुकटी

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली.

मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला गणित भाग १, म्हणजे बीजगणित शिकवते. (भूमिती दुसरे सर घेतात, त्यांचं दुःख वेगळं.) नववीच्या तुकडीत ६२ मुलं. जूनमध्ये पहिल्या तासाला मी धडा उघडत नाही. वहीचं पहिलं पान उघडायला लावते आणि या तासाला तुमच्याकडून मला काय हवंय ते फळ्यावर लिहिते. मुलं उतरवून घेतात, खाली त्यांची सही आणि घरच्या कुणाची तरी. सहा वर्षं हे चाललंय, कुणी चकार शब्द काढला नव्हता. खरं तर कुणी वाचतच नसावं. या वर्षी एका आईने वाचलं आणि सही न करता वही परत पाठवली.

पानावर असतं ते असं. वेगळी रफ वही ठेवायची नाही, कच्चं काम त्याच पानावर उजवीकडे पट्टी आखून करायचं. खोडरबर आणि व्हाइटनर दप्तरात राहतील. चुकलं तर त्या ओळीवर एकच आडवी रेघ, खालची चूक मला वाचता आली पाहिजे. गाईडातून किंवा शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलेला गृहपाठ म्हणजे न केलेला गृहपाठ, आणि चुकलेला गृहपाठ म्हणजे केलेला गृहपाठ. "बाई, समजलं नाही" असं म्हणायचं नाही, कितव्या ओळीपर्यंत समजलं ते सांगायचं. उत्तर आलं की मूळ समीकरणात घालून ताळा करायचा. शेवटी माझी बाजू: आठवड्यातून एकदा प्रत्येकाची वही मी स्वतः बघणार, मॉनिटरकडून सह्या मारून घेणार नाही.

त्या आईंचं म्हणणं दोन ओळींचं होतं. मुलीला प्राथमिकला टापटिपीचं बक्षीस होतं, आता वही बघवत नाही. आणि चुका वहीत तशाच दिसणार असतील तर अंतर्गत गुणांचं काय?

पहिल्या वाक्यावर मी हसले. दुसऱ्यावर नाही हसता आलं. दहावीला भाग १ चे ४० आणि भाग २ चे ४० हे बोर्डाच्या पेपराचे गुण, उरलेले २० शाळेच्या हातातले. त्या वीसांत गृहपाठही येतो. वीसपैकी अठराच्या खाली कुणाला द्यायचे नाहीत हे कुठेही लिहिलेलं नाही आणि सगळ्यांना ठाऊक आहे. मग मूल गृहपाठ कशासाठी करतं? वही पूर्ण दिसावी म्हणून.

माझं काही चुकतंय का? पालक, शिक्षक, आणि जे कधीकाळी विद्यार्थी होते ते सगळे, बोला.

तिरकी_रेघ

रफ वहीबद्दल +१. आमच्या रफ वहीत गणित कमी आणि फुली-गोळा जास्त असायचा.

फुलपात्र

ताई, राग मानू नका, पण मी त्या आईच्या बाजूने.

माझा मुलगा नववीत आहे, सेमी इंग्रजी. गेल्या वर्षी त्याच्या शाळेत एका पानावर तीन ठिकाणी खोडलं म्हणून पान फाडून परत लिहायला लावलं होतं. मी रात्री साडेदहापर्यंत त्याच्याशेजारी बसले होते. निळ्या शाईने प्रश्न, काळ्याने उत्तर, उत्तराभोवती चौकट, दोन गणितांमध्ये दोन ओळी सोडायच्या. आता तो बीजगणित कसा सोडवतो सांगू? आधी कच्च्या कागदावर, मग वहीत. दुप्पट वेळ. त्याच्या जागी मी असते तर मीही सरळ गाईड उघडलं असतं.

म्हणजे एका वर्गात सांगायचं वही आरशासारखी ठेवा, पुढच्या वर्गात सांगायचं चुका दाखवा. मुलांनी ऐकायचं कुणाचं? आधी तुम्ही शिक्षक लोक आपसात ठरवा आणि मग आमच्या सह्या मागा.

खडूची_भुकटी

फुलपात्र, राग कसला. शेवटचं वाक्य टीचर्स रूमच्या भिंतीवर लावावं असं आहे.

पण खोडरबरावर माझा एवढा दात का ते सांगते. (आमच्या पुस्तकात एक्स-वाय असतात. इथे सारखा कीबोर्ड बदलायचा कंटाळा, म्हणून क्ष-य लिहिते.)

२(क्ष − ३) − ३(क्ष − ४) = ५

तीन वर्षांपूर्वी एक मुलगा होता. वही मोत्यासारखी. रोजचा गृहपाठ बरोबर, चाचणीत मात्र चाळीसपैकी अकरा. मला वाटायचं घाबरतो. एक दिवस त्याला फळ्याशी बोलावून हेच गणित दिलं. त्याने लिहिलं: २क्ष − ६ − ३क्ष − १२ = ५. तिथून पुढे सगळं बिनचूक. −क्ष − १८ = ५, म्हणून क्ष = −२३. खाली चौकटसुद्धा आखली.

कंसाबाहेरचा उणे त्याने पहिल्या पदाला लावला आणि दुसऱ्याला लावायचा राहिला. −३ गुणिले −४ म्हणजे +१२, तिथे त्याने −१२ केलं. बस्स, एवढंच. मग मी त्याची वही उजेडात धरून बघितली. प्रत्येक पानावर व्हाइटनरच्या खाली हीच चूक. घरी हेच करायचा, पाठीमागचं उत्तर बघायचा, जुळत नाही म्हटल्यावर पांढरं फासायचा आणि मित्राची ओळ वर लिहायचा. चार महिने ती चूक त्या पांढऱ्या थराखाली सुखाने नांदत होती आणि मी वर "छान" लिहून सही करत होते.

ताळा केला असता तर तिथेच कळलं असतं. −२३ घाला: २ गुणिले −२६ म्हणजे −५२, त्यातून ३ गुणिले −२७ वजा केले की +८१ मिळवल्यासारखे, एकूण २९. पाच कुठे आणि एकोणतीस कुठे! खरं उत्तर १. घालून बघा, −४ आणि +९, पाच.

ही चूक एकट्याची नव्हती. पुढच्या आठवड्यात सगळ्या वर्गाला कागदावर तेच गणित दिलं, निम्म्याहून जास्त कागदांवर −२३. त्यातले काही अस्सल आणि काही शेजारून उतरवलेले, म्हणजे चूकसुद्धा उसनी! त्या दिवसापासून व्हाइटनर बंद.

घोका_आणि_ओका

मी क्लास चालवतो, त्यामुळे इथे मार खाणार हे माहीत आहे. तरी बोलतो.

उतरवण्याला तुम्ही लोक उगाच पाप ठरवलंय. अक्षर कसं शिकलो आपण? गिरवून. पेटी शिकणारा पहिले सहा महिने दुसऱ्याचेच अलंकार वाजवतो. क्रेमरची पद्धत घ्या. निश्चयक कसा मांडायचा, कुठला स्तंभ कुठे बदलायचा, हे पोराला पहिल्या दिवशी सुचणार आहे का? माझ्याकडे मी सोडवलेलं उदाहरण पाच वेळा लिहून आणायला लावतो. सहाव्या वेळी हात आपोआप चालतो. दोन तासांत ४० गुणांचा पेपर, तिथे विचार करत बसायला वेळ नसतो.

आणि बोर्डाचा पेपर एकदा बघा. त्यात "खालील कृती पूर्ण करा" म्हणून तयार सोडवणूक छापलेली असते, मधल्या चौकटी रिकाम्या. पोराने चौकट भरायची. म्हणजे पद्धत डोळ्यांखालून गेलेली असणं हे बोर्डालाच अपेक्षित आहे.

खडूची_भुकटी

सर, मारणार नाही. :)

गिरवण्याचं मान्य. मीसुद्धा नवीन पद्धत आली की नमुना उतरवायला सांगते. फक्त दुसऱ्या दिवशी वही मिटून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर मागते. ज्याने गिरवलं त्याला येतं, ज्याने नुसतं उतरवलं त्याला दुसऱ्या ओळीशी घाम फुटतो. फरक तिथे कळतो.

कृतीच्या चौकटींबद्दल मात्र माझा अनुभव उलटा. चौकटीतला आकडा बरोबर आणि पुढची ओळ त्याच्याशी जुळतच नाही असं दर चाचणीत दिसतं, कारण मूल चौकट बघतं, ओळ वाचत नाही.

नुसती पाठ केलेली गोष्ट काय करते त्याचा नमुना देते. वर्गसमीकरणात वयाचं गणित असतं: मुलाचं आजचं वय आणि तीन वर्षांनंतरचं वय यांचा गुणाकार १८०, तर आजचं वय काढा. उत्तरं दोन येतात, १२ आणि −१५. मग लिहायचं, "वय ऋण नसते, म्हणून क्ष = −१५ अग्राह्य." या वाक्याला गुण असतो म्हणून मुलं ते तोंडपाठ करतात. एकदा मी मुद्दाम तापमानाचं गणित घातलं. थंड प्रदेशातलं गाव, उत्तरात −५ आणि ८ दोन्ही चालण्यासारखी. एका पठ्ठ्याने लिहिलं, "तापमान ऋण नसते, म्हणून −५ अग्राह्य." त्याच्या मागच्या बाकावरच्याने तर लिहिलं, "वय ऋण नसते." तापमानाच्या गणितात!

तिरकी_रेघ

=)) =)) "वय ऋण नसते" हे मी माझ्या पुढच्या वाढदिवसाला केकवर लिहून घेणार.

पायवाट

बाई, तुमचं पान चांगलं आहे, पण आमच्या भागात ते पानभरच राहील.

मी बीड जिल्ह्यात शिकवतो. दिवाळीच्या आसपास माझा नववीचा वर्ग निम्मा होतो. आईबाप ऊसतोडीला जातात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. ज्यांची गावात आजी आहे किंवा हंगामी वसतिगृहात सोय लागते ती पोरं राहतात, बाकीची कोयत्याबरोबर जातात. येतात मार्च-एप्रिलात. तोवर बहुपदी झालेली असते, गुणोत्तर-प्रमाण झालेलं असतं, रेषीय समीकरणं संपत आलेली असतात. त्या पोराला मी सांगू, "कितव्या ओळीपर्यंत समजलं ते सांग"? तो म्हणेल, सर, मी पहिल्या ओळीला फडात होतो.

जबाबदारी, अपेक्षा हे शब्द मला आवडतात. पण रोजच्या गृहपाठाला घरात एक दिवा लागतो आणि कुणी हाक मारणार नाही असा एक तास लागतो. मागच्या वर्षी एक मुलगी परत आली ती प्लास्टिकच्या पिशवीत वही गुंडाळून घेऊन. फडावर, कोपीत म्हणजे तिथल्या झोपडीत बसून तिनं पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं लिहून काढली होती. उतरवलेली, हो. सगळीच्या सगळी उतरवलेली. तुमच्या नियमानं तो न केलेला गृहपाठ. मी तिच्या पाठीवर थाप मारली.

खडूची_भुकटी

पायवाट सर, मीही तेच केलं असतं.

उतरवण्यावरचं ते वाक्य मी ६२ जणांना एकसारखं लिहून देते, ते तुमच्या वर्गात चालणार नाही, खरं आहे. माझ्याकडे त्या वाक्याचा रोख ट्यूशन, गाईड आणि मोबाइल तिन्ही हाताशी असलेल्या मुलावर असतो.

एक विचारू? ती मुलगी परत आल्यावर तुम्ही सुरुवात कुठून केलीत?

पायवाट

पूर्णांकांपासून. −३ + ५. संख्यारेषा जमिनीवर चुन्याची फक्की टाकून आखली आणि तिला चालायला लावलं. दोन दिवस गेले. मग कंस. नववीचा धडा तिसऱ्या आठवड्यात. उशीर झाला, पण तिचं तिनं केलं.

हडसनकाठचा

न्यू जर्सीहून. आमच्या लेकीची 'अल्जिब्रा वन' नववीत झाली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळेतून तीन पानी कागद घरी आला, खाली पालकांची सही. खडूताईंचं पान वाचून तोच आठवला.

फरक असा की आमच्या कागदात अर्धा भाग हिशेबाचा होता. गृहपाठ किती टक्के, चाचण्या किती टक्के, उशिरा दिला तर किती कापणार, परत चाचणी द्यायची असेल तर आधी काय करायचं. हे शेवटचं मला फार पटलं. चाचणीत कमी पडले तर पुन्हा देता येते, पण त्याआधी चुकलेल्या प्रत्येक गणिताखाली "मी इथे हे का केलं" असं वाक्यात लिहून द्यायचं. लेक दातओठ खात लिहायची. "मला वाटलं वर्ग दोघांना वाटून देता येतो", म्हणजे (अ + ब)² = अ² + ब². ते वाक्य स्वतःच्या हाताने लिहिल्यावर ती चूक परत झालेली मी पाहिली नाही. इतर शाळांत, इतर राज्यांत काय चालतं ते वेगळं असू शकेल, मी एका वर्गाचं सांगतोय.

पायऱ्या दाखवण्यावरही तिथे जोर होता. आमचे चिरंजीव धाकटे. "मला मनातच येतं" म्हणून नुसतं उत्तर लिहायचे आणि गुण गेले की रडायचे. मी भारतीय बापासारखा बाईंना भेटायला गेलो, उत्तर बरोबर असताना गुण का कापले म्हणून. बाई शांतपणे म्हणाल्या, उत्तर मला आधीच माहीत आहे, मला तुमचा मुलगा माहीत करून घ्यायचा आहे. मी मुकाट्याने घरी.

वजनकाटा

माझं किराणा दुकान. शिक्षण बारावी. मुलगी दहावीला आहे.

तुमच्या त्या बीजगणिताच्या पुस्तकात अर्थनियोजन म्हणून धडा आहे, त्यात जीएसटी आहे, शेअर आहेत, एसआयपी आहे. तो धडा चालू होता तेव्हा पोरीला घाऊकवाल्याचं बिल दिलं आणि म्हटलं बघ जरा. केंद्राचा कर आणि राज्याचा कर सारखे असायला हवेत ना बाबा, म्हणाली, मग इथे एक आकडा वेगळा का? छापताना चुकलं होतं. ८४ रुपयांचा फरक. फोन केला, बिल बदलून आलं.

माझी पालक म्हणून जबाबदारी काय ते मला तेवढंच जमलं. बाकी क्ष-य माझ्या डोक्यावरून जातं.

जुनाट_अभियंता

वजनकाटा, लाख बोललात.

आता एका म्हाताऱ्याचं थोडं अवांतर. आमच्या वेळी बीजगणित ७५ आणि भूमिती ७५, असं दीडशे गुणांचं गणित. आमचे मास्तर फळ्यावर क्ष आणि य च लिहीत. त्याची एक गंमत मी पन्नास वर्षं जपून ठेवली आहे.

गणित असं होतं. दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज ९. अंकांची अदलाबदल केली तर येणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने जास्त. तर मूळ संख्या कोणती? दशकाचा अंक क्ष, एककाचा अंक य. आमच्या वर्गातल्या एका बहाद्दराने दोन्ही अंक शेजारी शेजारी लिहिले आणि समीकरण मांडलं:

क्षय + २७ = यक्ष

मास्तरांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "अरे, क्षयात सत्तावीस मिळवून कुणी यक्ष झाला असता तर मिरजेचं सॅनेटोरियम बंद नसतं का पडलं?" वर्ग लोळला. पण मग त्यांनी त्या मुलाला खाली नाही बसवलं. विचारलं, छत्तीस म्हणजे तीन आणि सहा शेजारी की तीन दहा आणि सहा? दशकस्थान आम्ही दुसरीत शिकलो होतो आणि ते का शिकलो ते त्या दिवशी कळलं. १०क्ष + य.

तो बहाद्दर कोण हे विचारू नका.

अवांतरात आणखी अवांतर: भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणतात, म्हणजे जेवढं असेल तेवढं. एकाहून जास्त अज्ञात आले की पुढचे रंग: कालक, नीलक, पीतक. साडेआठशेहून जास्त वर्षं झाली त्या ग्रंथाला. चाळीसगावजवळ पाटणच्या देवळात शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाची नोंद त्यात आहे, काही भाग मराठीत. व्यापाऱ्यांनी, गिऱ्हाइकांनी, घाणेवाल्यांनी काय काय द्यायचं ते त्यात येतं. म्हणजे शिकणाऱ्याने काय करायचं ते राहू दे, शिकणाऱ्यासाठी गावाने काय करायचं ते आधी दगडावर कोरलं. पायवाट सरांचा प्रतिसाद वाचताना हे आठवत होतं.

तिरकी_रेघ

अहो काका, "छत्तीस म्हणजे तीन आणि सहा" म्हणता म्हणता उत्तर फोडलंत की!

जुनाट_अभियंता

अरेच्चा. मास्तरांनी उदाहरण म्हणून घेतलं होतं हो. ते तसंच असेल कशावरून? करून बघा.

घोका_आणि_ओका

तोंडी. दहा सेकंद.

खडूची_भुकटी

पायऱ्या?

घोका_आणि_ओका

:(

गणपती_बुडाला

हा आयडी आईचा आहे, लिहितोय मी. दहावी. आई शेजारी बसली आहे.

तुम्ही सगळे मोठे लोक वहीबद्दल बोलताय. आमच्या वर्गात अडचण वही नाही, हात वर करणं आहे. शंका विचारली की मागून कोणीतरी "एवढंपण येत नाही" म्हणतं. मी आठवीपासून विचारलेलं नाही. घरी व्हिडिओ बघतो. व्हिडिओतले सर भारी शिकवतात, पण ते थांबत नाहीत. मी व्हिडिओ थांबवला तरी सर माझी वही बघत नाहीत.

वरच्या बाईंचं "कितव्या ओळीपर्यंत समजलं" हे आमच्या सरांनी चालू केलं तर बरं होईल. कारण "समजलं नाही" म्हटलं की ढ वाटतं आणि "चौथ्या ओळीपर्यंत समजलं" म्हटलं की तीन ओळी तरी आल्या असं वाटतं. म्हणजे चार.

खडूची_भुकटी

बाळा, हे तू लिहिलंस तसं मला सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी तो नियम माझ्या सोयीसाठी केला होता. मला परत पहिल्यापासून शिकवावं लागू नये म्हणून.

हसण्याबद्दल माझ्या पानावर काहीच नाही. ते घालायला हवं. शिक्षा काय ठेवू ते सुचत नाहीये, कारण हसणाऱ्यालाही बहुतेक वेळा पाचवी ओळ येत नसते. आता असं करून बघते: जो हसेल त्याने पुढे येऊन पुढची ओळ लिहायची.

पायवाट

हे करा. आमच्याकडं हसणारा हळूच खाली बसतो. दोनदा झालं की वर्ग शांत.

मध्यमवर्गीय

सगळं छान चाललंय, पण मूळ प्रश्न तसाच आहे. २० गुण. मध्यंतरी २०२४ साली, गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवर शेरा मारून पुढे जाऊ द्यावं असा प्रस्ताव आल्याची बातमी होती, त्यावर केवढी चर्चा झाली. पण जे २० गुण शाळा दर वर्षी वाटते त्यावर कोण बोलणार? बाई, स्पष्ट विचारतो. तुमच्या ६२ पैकी किती जणांना तुम्ही अठराच्या खाली दिले?

खडूची_भुकटी

दहावीला? एकालाही नाही. एकदा चार मुलांना पंधरा लावले होते. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, शेजारची शाळा देते आणि आपली नाही देत, मग त्या चौघांचं अकरावीच्या प्रवेशात नुकसान झालं तर तुम्ही भरून देणार का? मी तक्ता बदलला. यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही, विचारलंत म्हणून सांगितलं.

म्हणून तर वहीला गुणांपासून लांब ठेवते. नववीत वहीवर मी आकडा घालतच नाही. पहिली चुकलेली ओळ शोधते, तिच्याभोवती शिसपेन्सिलीने गोल करते आणि पुढे काही लिहीत नाही. दुरुस्ती मुलाने करायची. एका वहीला दीड-दोन मिनिटं. दिवसाला बारा-तेरा वह्या, पाच दिवसांत वर्ग पुरा. कधी कधी पुरा होत नाही. निवडणुकीचं काम आलं की दोन आठवडे गोल नाहीत, आणि मुलं लगेच विचारतात, बाई, तुमची सही कुठाय पानावर?

फुलपात्र

आठवड्याने परत येतेय. धागा रोज वाचत होते.

परवा मुलाला म्हटलं, आज खोडरबर माझ्याकडे दे. दहा मिनिटांत तीन वेळा हात पुढे आला. सवयीने. चौथ्यांदा म्हणाला, "आई, चुकलं तर दिसेल ना." मी म्हटलं दिसू दे. मग त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "तुझं दिसलं तर?"

म्हणून मीही बसले. बावीस वर्षांनी. काकांचं ते क्षय आणि यक्षाचं गणित घेतलं. १०क्ष + य काकांनी दिलंच होतं, बेरीज ९ चं समीकरण मांडलं, सत्तावीस मिळवले, सोडवलं. उत्तर आलं ६३. चौकट आखली. खूप बरं वाटलं. मुलगा म्हणाला ताळा कर. उलटवले तर ३६. जास्त कुठे, कमी झाले.

खोडलेलं नाही, एक रेघ मारली आहे. कुठे चुकलं ते कुणी सांगू नका, शोधतेय.

खडूची_भुकटी

सांगत नाही. कितव्या ओळीपर्यंत बरोबर वाटतंय?

फुलपात्र

दुसऱ्या. सत्तावीस कुठल्या बाजूला मिळवायचे तिथे थांबलेय.